कासवाच्या पानात काय वाढावं?

दक्षिण अटलांटिक महासागरात सेंट हेलेना नावाचं एक चिमुकलं ब्रिटिश बेट आहे. नेपोलियनने शेवटची वर्षं जिथं कैदेत काढली ते हेच. तिथल्या गव्हर्नरच्या बंगल्याच्या हिरवळीवर जोनाथन नावाचं महाकाय कासव शंभराहून अधिक वर्षं चरत आलं आहे. १८८२ साली सेशेल्सहून त्याला बेटावर आणलं तेव्हाच ते पूर्ण वाढलेलं होतं, त्यावरून त्याचा जन्म १८३२ च्या आसपासचा धरतात. आजवर नोंद झालेल्या सगळ्या कासवांत सर्वांत दीर्घायुषी म्हणून २०२२ मध्ये गिनेस बुकाने त्याचं नाव नोंदवलं.

जो हॉलिन्स हे पशुवैद्य बेटावर आले तेव्हा जोनाथनची तब्येत ढासळत चालली होती. मोतीबिंदूने डोळे गेलेले, वासही येत नव्हता. कोवळं गवत कुठं आणि वाळका पाचोळा कुठं, हे त्याला उमगत नव्हतं. तोंडापुढे येईल ते, प्रसंगी मातीसुद्धा, ते चावत होतं. गवत कापण्याचं त्याचं एकमेव हत्यार म्हणजे चोच. तीही बोथट आणि ठिसूळ झाली होती. हॉलिन्स यांनी आठवड्यातून एकदा त्याला स्वतःच्या हाताने भरवायला सुरुवात केली. कोबी, काकडी, गाजर, सफरचंद, केळं, पेरू. हातात जाड मोजे घालूनच, कारण दिसत नसलेलं कासव गाजर आणि बोट यांत फरक करत नाही. हळूहळू चोचीला पुन्हा धार आली, वजन वाढलं आणि ते पुन्हा नीट चरू लागलं.

हा खुराक वाचून कुणी आपल्या कासवापुढे रोज केळं ठेवू नये. जोनाथन आठवडाभर गवतच खातो, फळं-भाज्या ही त्यावरची एका दिवसाची जोड आहे. इथं ध्यानात घ्यायचं ते एवढंच, की पानात वाढलेलं बदललं आणि चोचीपासून चालण्यापर्यंत सगळं सुधारलं. पाळलेल्या कासवांच्या आजाराचं मूळ शोधायला गेलं की जंतू बहुधा नंतर सापडतो. आधी सापडतं ते चुकीचं खाणं, अपुरं ऊन आणि कमी पाणी. म्हणून खाणं आणि दुखणं यांची दोन वेगळी प्रकरणं मी केलेली नाहीत.

आधी आपल्या घरातलं कासव कोणतं ते ठरवू. ‘आमच्याकडे कासव आहे’ असं महाराष्ट्रात कुणी म्हणालं, तर ते बहुधा तीनपैकी एक असतं. पहिलं, काचेच्या टाकीत पोहणारं, कानाजवळ लाल पट्टा असलेलं अमेरिकन रेड-इअर्ड स्लायडर. दुसरं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं भारतीय स्टार कासव. तिसरं, अलीकडे शहरांतून आणि फार्महाउसांवर दिसू लागलेलं आफ्रिकन सुलकाटा. या तिघांचा आहार एक नाही आणि कायद्याच्या नजरेत तिघं सारखीही नाहीत.

स्टार कासव पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे. ते बाळगण्याबद्दल तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पावसाळ्यात शेतात, ओढ्याकाठी सापडणारं आणि कुतूहलापोटी बादलीत आणून ठेवलेलं आपलं मऊ पाठीचं कासवही त्याच अनुसूचीतलं आहे. घरात कासव ठेवलं की लक्ष्मी नांदते, या समजुतीपायी स्टार कासवांची अक्षरशः पोत्यांनी तस्करी होते. भारतातल्या एकाच व्यापारकेंद्रातून वर्षाकाठी किमान ५५,००० पिल्लं उचलली जात असल्याचा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. एवढी पिल्लं जंगलातून नाहीशी होत असताना घरात धनधान्याची भरभराट कशी व्हायची, हे मला खरंच समजत नाही. परदेशातून आलेल्या सुलकाटासारख्या प्राण्यांची नोंद मात्र २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. दुकानदार कागद देत नसेल तर प्राणी घेऊ नये, मग तो कितीही गोजिरवाणा असो.

स्लायडरचं थोडक्यात सांगतो, कारण त्याचा संसार पाण्यातला आहे. लहानपणी ते बरंचसं मांसाहारी असतं, मोठेपणी वनस्पतींकडे वळतं. दुकानातून मिळणारी वाळलेली कोळंबी वर्षभर तेवढीच घातली तर अ जीवनसत्त्व कमी पडतं. पापण्या सुजून डोळे मिटतात, डोळे मिटले की खाणं दिसत नाही, आणि उपाशी कासव आणखी खंगतं. चांगल्या कासव-गोळ्या, पाणवनस्पती, हिरवा पाला, अधूनमधून मासा असं मिश्रण हवं. अंग पूर्ण कोरडं करून ऊन खाता येईल असा दगडही टाकीत हवाच.

या प्रकरणाचा नायक मात्र सुलकाटा. कायद्याने पाळता येण्याजोगं जमिनीवरचं कासव म्हणून आपल्याकडे तेच अधिक येतं. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, सहाराच्या दक्षिण कडेला पसरलेल्या कोरड्या गवताळ पट्ट्यातला हा प्राणी. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा तळहातावर मावतो. मोठा झाल्यावर ४० ते ५० किलो भरतो, काही नर त्याहूनही बरेच मोठे होतात. दोन खोल्यांच्या घरात त्याला वाढवायचं ठरवणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

सुलकाटाचं पोट समजलं की त्याचा आहार वेगळा पाठ करावा लागत नाही. त्याला दात नाहीत. चोचीने कापलेला घास तो जवळपास अख्खाच गिळतो. चोथा फोडण्याचं काम मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव करतात, घोड्याच्या पोटात करतात तसंच. हे काम सावकाश चालतं. एका घासाचा प्रवास संपायला कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात. शिवाय कासव स्वतःच्या शरीरात ऊब निर्माण करत नाही. बाहेर गारठा असेल तर आतले सूक्ष्मजीवही मंदावतात आणि खाल्लेलं तसंच पडून राहतं. या पोटात भरपूर साखर गेली, म्हणजे रोज आंबा, केळं, कलिंगड गेलं, की चोथा पचवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तोल बिघडतो. शौच पातळ होतं, वायू धरतो, जंत बळावतात. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातलं लाल पायांचं कासव फळं मजेत पचवतं, कारण त्याचा जन्मच गळून पडलेल्या फळांच्या मुलखातला. सुलकाटाचा नव्हे.

म्हणून त्याच्या पानात दहातले आठ-नऊ भाग गवत हवं. आपल्याकडे हे अवघड नाही. हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो त्याच दूर्वा, सुलकाटाला उत्तम मानवतात. पावसाळ्यात माळावर उगवणारं कोणतंही कोवळं चाऱ्याचं गवत चालतं. उन्हाळ्यात हिरवं मिळेनासं झालं की वाळलेलं गवत द्यावं, त्यावर थोडं पाणी शिंपडून. पिल्लांना लांब काडी तोडता येत नाही. त्यांच्यासाठी गवत कात्रीने बोटाच्या पेराएवढं कापून, भिजवून, पाल्यात मिसळावं. ज्या पिल्लाला पहिल्या वर्षी गवताची चव लागली नाही, ते पुढे गवताकडे ढुंकून पाहत नाही. लाड करायचेच असतील तर या काळात करू नयेत.

गवताखालोखाल रुंद पानांचा पाला. जास्वंदीची पानं आणि फुलं ही कासवं अधाशासारखी खातात. तुतीची पानं, भोपळ्याची आणि रताळ्याची पानं चांगली. आपल्या रानभाज्यांतली पाथरी ही युरोपातल्या कासवपाळांच्या लाडक्या डँडेलियनच्याच कुळातली, आणि बांधावर फुकट मिळते. फड्या निवडुंगाचे काटे काढून त्याचे तुकडे द्यावेत, त्यात पाणी आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर असतं. द्राक्षाची पानंही त्यांना आवडतात. पण नाशिक-सांगलीकडच्या बागेत फवारणी कधी झाली हे ठाऊक असल्याखेरीज ती देऊ नयेत. बाजारातली कोणतीही पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढूनच वाढावी.

आता नाही कशाला म्हणायचं? पालकाबद्दल मला सर्वांत जास्त वेळा विचारतात. पालकात कॅल्शियम आहे, पण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल ते बांधून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. चुका, चाकवत, राजगिरा, माठ यांचीही गत तीच. महिन्यातून एखाद्या वेळी दोन पानं गेली तर काही बिघडत नाही, रोज गेली तर बिघडतं. कोबी-फ्लॉवर सतत दिले तर थायरॉइडच्या कामात अडथळा येऊ शकतो. काकडी आणि टोमॅटो यांनी पोट भरतं, पोषण होत नाही. चपाती, भात, पाव, बिस्किट, दूध, मोड आलेली कडधान्यं, कुत्र्याचं खाणं यांना पूर्ण बंदी. धान्य-कडधान्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. कासवाला हवं असतं नेमकं उलट, फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम. मांसाहारी खाण्यातल्या प्रथिनांचा भार मूत्रपिंडांवर पडतो. आजी प्रेमाने पोळीचा तुकडा घालते, कासव तो आवडीने खातं, आणि त्याला सोसतंय असा घरच्यांचा ग्रह होतो. नुकसान दिसायला दोन-तीन वर्षं लागतात, एवढंच.

कासव बागेत मोकळं सोडणाऱ्यांनी कण्हेर, धोतरा, रुई, एरंड, घाणेरी आणि डिफेनबाखिया यांच्यापासून ते दूर ठेवावं. गाजरगवताच्या नावात गवत असलं तरी ते गवत नाही, विषारी तण आहे. गवत कापून आणताना त्याची एखादी फांदीही पेंडीत येणार नाही हे पाहावं.

कॅल्शियमसाठी महागडी पावडर घ्यायलाच हवी असं नाही. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा किंवा कोकणच्या किनाऱ्यावर वाहून येणारा समुद्रफेस धुऊन, वाळवून वाफ्यात टाकून ठेवावा. गरज वाटेल तेव्हा कासव स्वतःच तो कुरतडतं, आणि त्याने चोचही घासली जाते. मऊ, बारीक चिरलेलंच खाणाऱ्या कासवाची चोच वाढून पोपटासारखी वळते आणि मग तोंड मिटेनासं होतं. वाफ्यात एखादी खडबडीत फरशी मांडून तिच्यावर खाणं वाढलं तर ही वेळ सहसा येत नाही.

पण खाल्लेलं कॅल्शियम हाडापर्यंत पोचवायला ड-३ जीवनसत्त्व लागतं, आणि ते कातडीत तयार होतं उन्हातल्या अतिनील किरणांच्या एका ठरावीक पट्ट्यामुळे. साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. तावदानाआडून ऊन खाणारं कासव उबदार राहतं, पण त्याची हाडं उपाशी राहतात. मुंबई-पुण्यातल्या बंद बाल्कनीत वाढलेल्या पिल्लांची कवचं मऊ पडतात ती याच कारणाने. अंगठ्याने हळूच दाबलं तर कडेचं कवच आत जातं, जबडा रबरासारखा वाकतो, मागचे पाय ओढत चालतं. याला हाडांचा चयापचय विकार म्हणतात. वेळीच ओळखला तर थांबवता येतो, पण वाकलेलं हाड सहसा पूर्ववत होत नाही. महाराष्ट्रात ऊन फुकट आहे. सकाळचं आणि उतरत्या दुपारचं थेट ऊन रोज तासभर तरी मिळावं. मात्र अर्धी जागा सावलीची हवीच. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवर विसरलेलं किंवा उताणं पडलेलं कासव थोड्याच वेळात उष्माघाताने मरतं. घरातच ठेवणं भाग असेल तर खास अतिनील दिवा लागतो. त्याचा उजेड दिसत राहिला तरी किरणांचा जोर सहा ते बारा महिन्यांत ओसरतो, म्हणून तारीख लिहून तो बदलावा. ऊब घेण्याच्या जागी ३५ अंश सेल्सिअस आणि वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला त्याहून आठ-दहा अंश कमी, अशी सोय असली की कासव आपली जागा स्वतः निवडतं. जे दिवसभर एकाच टोकाला बसून राहतं, त्याच्या वाफ्याचं तापमान मोजून पाहावं.

पाण्याच्या बाबतीत सर्वांत मोठा गैरसमज आहे. वाळवंटाच्या कडेचा प्राणी, त्याला कशाला हवं पाणी, असं म्हणतात. रानातलं सुलकाटाचं पिल्लू दिवसाचा बराच वेळ बिळात काढतं, आणि बिळातली हवा दमट असते. आपण त्याला कोरड्या खोलीत, प्रखर दिव्याखाली, भुशावर ठेवतो. मग पाठीवरची एकेक चौकट उंच उठून सुळक्यासारखी वाढू लागते. अशी उंचवट्यांची पाठ म्हणजे सुलकाटाची जातच असं दुकानदार सांगतात, ते खोटं आहे. निरोगी सुलकाटाची पाठ गुळगुळीत गोलाईची असते. जास्त प्रथिनांनी हे उंचवटे येतात असं वर्षानुवर्षं मानलं जाई. व्हिएन्नातल्या संशोधकांनी सुलकाटाची पिल्लं वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवून पाहिली. २००३ साली छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की कोरड्या हवेत वाढलेल्यांचे उंचवटे मोठे झाले आणि प्रथिनांचा फरक त्यामानाने किरकोळ ठरला. म्हणून पिल्लाच्या खोलीचा एक कोपरा ओलसर मातीचा, झाकलेला हवा.

पिल्लाला रोज आणि मोठ्याला आठवड्यातून दोनदा परातीत किंवा घमेल्यात कोमट पाण्यात बसवावं. पाणी मान वर ठेवून सहज श्वास घेता येईल एवढंच, वेळ पंधरा ते वीस मिनिटं. कासव पाणी पितं, मग बहुधा तिथंच शौच आणि लघवी करतं. हा क्षण चुकवू नका. घरच्या घरी होणारी सर्वांत उपयोगी तपासणी हीच. शौच घट्ट, गडद आणि त्यात गवताचे धागे दिसत असतील तर पोट ठीक आहे. लघवीबरोबर पांढरा पदार्थ पडतो, ते युरिक आम्लाचे क्षार असतात. तो मऊ, ओघळता असला तर काळजी नको. बोटांत चोळून रवाळ लागला तर कासवाला पाणी कमी पडतंय. घट्ट खडे पडू लागले तर उशीर झालेला आहे. हेच क्षार मूत्राशयात थरावर थर साचून मुतखडा होतो, आणि सुलकाटात तो वारंवार दिसतो. क्ष-किरण चित्रात पोटाच्या मध्यावर अंड्याएवढा पांढरा गोळा दिसतो. तो काढायला पोटाकडचं कवच करवतीने चौकोनी कापून उघडावं लागतं, आणि ते भरून यायला वर्षाहून अधिक काळ जाऊ शकतो. परातभर पाण्याने जे टळतं त्यासाठी कासवाला यातून जावं लागू नये.

मूत्राशय हा त्याचा पाण्याचा साठाही असतो. घाबरलं की ते हा साठा सोडून देतं. दर पाहुण्याच्या हातात कासव देण्याची हौस आवरावी, त्यामागे हेही एक कारण आहे.

आजार ओळखण्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. दर पंधरा दिवसांनी, शक्यतो पाण्यात बसवण्याआधी, वजन करून वहीत लिहावं. वाढत्या पिल्लाचं वजन महिनाभर अडलं किंवा मोठ्याचं सतत उतरत गेलं, तर बाकी काही दिसत नसलं तरी डॉक्टर गाठावा. कासव आजार लपवतं. ते लंगडत नाही, विव्हळत नाही. भूक मंदावते, डोळे अर्धे मिटलेले राहतात, पाय ओढून पाहिला तर तो आत घेण्याचा जोर कमी झालेला असतो. निरोगी सुलकाटाचा पाय ओढून पाहा, तो तुमच्याच हाताला झटका देतो.

श्वासाचे विकार गंभीर समजावेत. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं आणि त्याला खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. नाकातून पाणी, नाकपुडीवर बुडबुडे, तोंड उघडून मान ताणून घेतलेला श्वास, शिट्टीसारखा आवाज, यांतलं काहीही दिसलं तर दोन दिवस वाट पाहू नये. टाकीतलं स्लायडर एका कुशीवर कलून पोहत असेल तर एका फुप्फुसात न्यूमोनिया असू शकतो. बहुतेक वेळा सुरुवात थंडीतल्या गार फरशीपासून झालेली असते. सुलकाटा आणि स्टार कासव युरोपातल्या कासवांसारखी शीतनिद्रा घेत नाहीत. डिसेंबरात ‘झोपलं असेल’ म्हणून खोक्यात ठेवून दिलेलं कासव झोपलेलं नसतं, गारठलेलं असतं.

तोंडात पिवळसर चिकट पापुद्रे, कवचावर मऊ पडलेला आणि वास येणारा खड्डा, डोळ्यामागे कानाच्या जागी आलेली गाठ, ही सगळी डॉक्टरांची कामं. कानाच्या जागच्या त्या गाठीबद्दल एक सांगायला हवं. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, चीजसारखा घट्ट असतो. तो आपोआप वाहून जात नाही आणि नुसत्या प्रतिजैविकाने विरघळत नाही. गाठ कापून साफच करावी लागते. मादी असेल आणि अचानक खाणं सोडून मागच्या पायांनी सतत उकरू लागली, तर तिच्या पोटात अंडी असू शकतात. नराशिवायही ती अंडी धरते. पुरेशी खोल, मऊ माती मिळाली नाही तर ती अंडी अडवून ठेवते, आणि ते जिवावर बेतू शकतं.

कवच जिवंत असतं. त्याखाली हाड आहे, हाडात रक्त आहे, नसा आहेत. त्यावर तेल चोळणं, रंग लावणं, दोरी बांधायला भोक पाडणं हे कासवाला दुखतं. कुत्र्याने चावून कवच फुटलं तर सलाइनने धुवावं, स्वच्छ ओल्या कापडाने झाकावं आणि दवाखाना गाठावा. एपॉक्सीने भेग बुजवली तर आतली घाण आतच कोंडते आणि कासव महिन्याभराने जंतुसंसर्गाने जातं.

पशुवैद्यांपुढेही पालकाने काही गोष्टी न संकोचता बोलाव्यात, कारण गावोगावचे बहुतेक दवाखाने गाई-म्हशी, कुत्र्या-मांजरांसाठी चालतात. पहिली गोष्ट जंतांच्या औषधाची. गुराढोरांना आणि कुत्र्यांना सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवांना मारक आहे. त्याने स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो. हे १९८३ सालीच शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं आहे, तरी अपघात घडत राहतात. जंतांसाठी फेनबेंडाझोलसारखी दुसरी औषधं आहेत. तीसुद्धा शौचाची तपासणी करून, वजनाच्या मापानेच द्यायची, कारण थोडे जंत निरोगी कासवाच्या पोटातही असतात. दुसरी, इंजेक्शन शक्यतो शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात द्यावं. मागच्या पायांकडून परतणारं रक्त आधी मूत्रपिंडांतून जाऊ शकतं. त्यामुळे औषध कामी येण्याआधीच बाहेर पडण्याची किंवा मूत्रपिंडांना इजा होण्याची भीती असते. तिसरी, अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन ‘ताकदीसाठी’ म्हणून घेऊ नये. पाला खाणाऱ्या कासवाला त्याची उणीव क्वचितच असते आणि जास्त मात्रेने कातडी सोलून निघते. आणि हेही, की खंगलेल्या कासवाला आधी ऊब आणि पाणी द्यायचं, अन्न मागाहून. गार, सुकलेल्या शरीरात नळीने अन्न ढकललं तर ते पचत नाही, कुजतं.

घरच्यांच्या आरोग्यासाठी नियम एकच. कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लागला की साबणाने हात धुवायचे, आणि त्याची परात स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुवायची नाही. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या आतड्यातही साल्मोनेला असू शकतो. लहान मुलं कासवाची पिल्लं तोंडात घालून आजारी पडू लागली, म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आणली. ती आजही आहे.

नवं कासव आणलं तर जुन्यापासून काही महिने वेगळं ठेवावं, आणि वेगवेगळ्या देशांतल्या जाती एका वाफ्यात कधीच ठेवू नयेत. एका जातीत सुप्त राहणारा जंतू दुसऱ्या जातीचा जीव घेऊ शकतो. अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटातल्या कासवांत श्वसनमार्गाचा एक चिवट आजार पसरला. मायकोप्लाझ्मा हा त्यामागचा जंतू १९९० च्या दशकात सिद्ध झाला, आणि लोकांनी वाळवंटात सोडून दिलेल्या पाळीव कासवांकडून तो पसरला असावा असा संशय घेतला गेला. १९९० सालापासून तिथली ही कासवं संकटग्रस्त प्राण्यांच्या सरकारी यादीत आहेत.

म्हणून आजारी, मोठं झालेलं किंवा नकोसं वाटू लागलेलं कासव देवळाच्या तळ्यात, विहिरीत किंवा माळावर सोडू नका. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही, ते तळ्यात बुडून मरतं. स्लायडर मरत नाही, पण आपल्या तळ्यांतल्या देशी कासवांचं अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावतं. सुलकाटा सांभाळणं अशक्य झालं तर त्याच्या नोंदीच्या कागदांसह ते जबाबदार माणसाकडे कायदेशीरपणे सोपवा. घरात स्टार कासव असेल किंवा रस्त्यात कोणतंही देशी कासव जखमी सापडलं, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि माणसं येईपर्यंत त्याला सावलीत, हवा जाईल अशा खोक्यात ठेवा. खायला काही घालू नका.